पाच आवाजांचा लेहरा

लेहरा धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही. तबल्याची मैफल असते, साऱ्या सभागृहाचे डोळे तबलजीच्या बोटांवर खिळलेले असतात, आणि शेजारी सारंगीवर किंवा पेटीवर एक माणूस सोळा मात्रांची एकच ओळ वाजवत बसलेला असतो. तीच ओळ, फिरून तीच ओळ, तासभर. त्या ओळीत आलाप नसतो, तान नसते, तिला दाद येत नाही. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे, एवढंच ती सांगत राहते. तबलजी पेशकारातून कायद्यात जातो, रेल्यात शिरतो, तिहाई घेऊन झेप टाकतो. झेप टाकताना त्याच्या मनात धाकधूक नसते, कारण पाय टेकायला खाली ती ओळ असते. उस्ताद सुलतान खाँ सारंगीवर आणि उस्ताद झाकीर हुसेन तबल्यावर, असं ज्यांनी ऐकलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. २०११ साली ती सारंगी थांबली. १५ डिसेंबर २०२४ ला तो तबलाही थांबला.

मला लेहरा कळला तो मैफलीत नव्हे. तो कळला मिरजेच्या आमच्या घरात, व्हिडिओ गेमच्या आवाजातून, आणि ज्यांच्यामुळे कळला ते माझे काका आता नाहीत. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या मागोमाग आमच्या घरांतून निघून गेलेल्या एका आवाजासाठी.

काका पेटी वाजवायचे. त्यांचं कुठे नाव झालेलं नव्हतं. गावात तबला शिकणारी मुलं त्यांच्याकडे लेहऱ्यासाठी येत, आणि दिवेलागणीनंतर काका पेटी पुढे ओढून बसत. चंद्रकंसातली एक ओळ त्यांची फार आवडती. त्याच खोलीत टीव्ही होता आणि टीव्हीला जोडलेला माझा व्हिडिओ गेम. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असे, तसाच: प्लास्टिकचा हलका डबा, वायरींना लोंबणारे दोन रिमोट, आणि वरच्या खाचेत बसवायची कॅसेट. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, हे कोणी शिकवलेलं नसे आणि सगळ्यांना येत असे. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच मोजके खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरून येत. तो डबा एका जपानी यंत्राची नक्कल होता. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ ला जपानात विक्रीला आलं. निन्टेन्डो कंपनीचं, मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली घडलेलं. आमच्या खोलीत त्याची सावली वाजत होती आणि आम्हाला तीच पुरेशी होती.

एका संध्याकाळी शिकायला येणारा मुलगा आला नाही. काका पेटीचा भाता उघडून नुसते बसले होते. मी खेळातल्या मारिओला एका खड्ड्याच्या काठाशी आणून उभं केलं होतं. उडी टाकायचा धीर होत नव्हता. मी हालत नव्हतो आणि खेळाची चाल वाजतच होती. ती संपायची, वळायची, पुन्हा पहिल्या सुरावर यायची. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा लेहरा आहे रे. तू थांबलास तरी तो थांबत नाही, बघ. तो तुझी वाट बघतोय. वाजव आता." खेळ म्हणाले नाहीत, वाजव म्हणाले. मी उडी टाकली. त्यांनी पेटीवर त्या चालीचा खर्ज शोधला आणि ती संध्याकाळ आम्ही दोघांनी मिळून वाजवली.

त्या एका वाक्यानं माझे कान उघडले. पुढे जे काही वाचलं आणि ऐकलं, ते सगळं त्या वाक्याची फोड करण्यासाठीच होतं असं मला वाटतं.

मूळ यंत्रात तो आवाज येत होता एका चिपमधून. रिको कंपनीनं बनवलेली ती चिप, २ए०३ तिचं नाव. तिच्या गळ्यात पाच आवाज होते. दोन आवाज चौकोनी लहरींचे, टोकदार, थोडे नाकातले. चाल त्यांच्याकडे असे. तिसरा त्रिकोणी लहरीचा, मऊ, खर्ज सांभाळणारा. तो मोठा किंवा लहान करण्याची सोय नव्हती, असला तर होता आणि नसला तर नव्हता. चौथा नुसती खरखर, तिच्यातून झांजा आणि ढोल उभे करायचे. पाचवा आधी मुद्रित केलेल्या तुकड्यांसाठी, पण ते तुकडे एवढी जागा खात की कित्येक खेळांनी त्याला हातच लावला नाही. १३ सप्टेंबर १९८५ ला आलेला सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावला होता. त्यातले ३२ किलोबाइट आज्ञांचे, ८ चित्रांचे, आणि संगीत त्या ३२ मध्येच कुठेतरी दाटीवाटीनं बसलेलं. फोननं सहज काढलेल्या एका फोटोला आज त्याच्या कित्येक पट जागा लागते.

एवढ्याशा जागेत कोजी कोन्दो यांनी ती चाल बसवली. त्यांनी आधी बांधलेली चाल मारिओच्या पळण्याशी जुळेना, म्हणून त्यांनी ती सोडून दिली आणि पळणाऱ्या, उडणाऱ्या, थबकणाऱ्या त्या इवल्या देहाकडे बघत नवी बांधली. लेहरा असाच बांधतात: तबलजीच्या हातांकडे बघत. आणि त्या चिपमध्ये एक विलक्षण गोष्ट घडत असे. आवाज मोजकेच असल्यामुळे उडीचा आवाज किंवा नाणं गोळा केल्याचा आवाज वाजवायचा झाला, की संगीतातला एक आवाज तेवढ्यापुरता बाजूला होई. खेळणाऱ्याची प्रत्येक उडी संगीतातून स्वतःपुरती जागा मागून घेत असे. मी उडी मारली की सूर सरकून बसायचा, मी खाली उतरलो की पुन्हा आपल्या जागी यायचा. हिरोकाझू तानाका यांनी १९८६ सालच्या मेट्रॉइडसाठी संगीत केलं, तेव्हा संगीत कुठे संपतं आणि खेळातले आवाज कुठे सुरू होतात, ती सीमाच पुसायची त्यांची धडपड होती. चिपच्या स्वभावातच ते होतं. तानाकांनी तो स्वभाव ओळखला.

काका म्हणायचे, लेहरा धरणाऱ्याला कान हवेत. ओळ एकच असली तरी तबलजीचा श्वास ऐकून ती धरावी लागते. तो लय चढवायला निघाला की त्याच्या आधी अर्धा क्षण आपल्याला कळायला हवं. या यंत्रांना असे कान होते. टोमोहिरो निशिकादो यांचा १९७८ सालचा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. संगीत म्हणावं तर त्यात खर्जातले चारच सूर, उतरत जाणारे, फिरून तेच चार. समोर पंचावन्न शत्रूंची फौज. एकेक शत्रू पडत गेला की यंत्राला कमी चित्रं हलवावी लागत, आणि उरलेले अधिक वेगानं पळू लागत. यंत्राची ही मर्यादा निशिकादोंनी खेळाचा प्राण म्हणून ठेवून घेतली. शत्रू कमी होत तसे ते चार सूरही घाईला येत. विलंबितातून मध्य लय, मध्य लयीतून द्रुत, आणि शेवटचा एकटा शत्रू पडद्यावर सैरावैरा धावत असताना सतारीवरच्या झाल्याइतकी चढलेली लय. मारिओमध्येही घड्याळ शंभराच्या खाली आलं की चाल एकदम चढत असे. ख्याल मांडायला गवयाला तास लागतो. तो चढ या यंत्रांनी मिनिटांत मांडला, आणि तो किती चढवायचा हे खेळणाऱ्याच्या हातात ठेवलं.

हेच आम्ही व्हिडिओ गेम पार्लरमध्येही ऐकलं. बसस्टँडजवळच्या, टॉकीजशेजारच्या त्या अंधाऱ्या खोल्या, उभी मशीनं, प्रत्येकाभोवती पाच-सहा पोरांचं कोंडाळं. १९९३ सालचा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स आमच्यासाठी साधा 'मुस्तफा' होता. ज्या गड्याला घेऊन खेळायचं त्याचंच नाव खेळाला पडलं होतं. आणि १९९१ सालचा स्ट्रीट फायटर २. प्रत्येक लढवय्याच्या देशाची वेगळी चाल. धालसिम नावाच्या आपल्या योग्याच्या मागे हत्ती उभे आणि त्याचीही स्वतःची चाल. दोघांपैकी एकाचं बळ संपत आलं की ती चाल धाप लागल्यासारखी वेग घ्यायची, आणि कोंडाळ्यातल्या सगळ्या पोरांचे श्वास तिच्याबरोबर वाढायचे. समेवर येताना श्रोत्यांची मान जशी आपोआप डोलते, तसाच शेवटच्या ठोशाला सगळ्या खोलीचा एकच हुंकार उठत असे. सम काय असते हे मी तिथे अंगानं शिकलो.

त्या चाली कोणी बांधल्या, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. स्ट्रीट फायटर २ च्या बहुतेक चाली योको शिमोमुरा या तरुण बाईंच्या. १९८७ च्या मेगा मॅनचं संगीत मानामी मात्सुमाए यांचं. १९८६ च्या कॅसलव्हेनियाचं संगीत किनुयो यामाशिता यांचं, आणि खेळाच्या शेवटी त्यांचं नाव लिहिलेलं ते 'जेम्स बनाना'. त्या काळी कित्येक कंपन्यांत संगीतकारांना स्वतःच्या नावानं पडद्यावर येऊ देत नसत; टोपणनावांआड त्यांना लपावं लागे. आणि आमच्या नकली कॅसेटींवर तर मूळ खेळाचं नावही धड उरलेलं नसे. इतक्या मुलांच्या ओठांवर इतकी वर्षं बसलेलं संगीत, आणि करणाऱ्याचं नाव एकाच्याही तोंडी नाही. मला हे फार लागतं. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या माणसांसमोर गौहर जान गायल्या, तेव्हा गाणं संपताच त्यांनी इंग्रजीतून आपलं नाव पुकारलं, म्हणजे जर्मनीत हॅनोवरला तबकड्या उतरवणाऱ्यांना कोणाचं गाणं कोणतं ते कळावं. यंत्रासमोर उभं राहून पहिल्याच वेळी आपलं नाव खणखणीत सांगणारी ती बाई मला या क्षणी आठवते. जपानातल्या त्या मुलींना तशी सोय असती, तर आमच्या खोल्यांत त्यांची नावं ऐकू आली असती.

त्या तबकडीनं गाण्यावर जे केलं तेच चिपनं चालीवर केलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं. रात्र-रात्र चालणारा राग तेवढ्यात मांडायचा. कितीजणांनी नाकं मुरडली, कितीजणांनी पाठ फिरवली. पण जे त्या साडेतीन मिनिटांत उतरले त्यांनी रागाचा अर्क काढायला शिकून घेतलं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घातली गेली. व्हॉयेजर २ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आवाज पुढे गेला, बाई मागोमाग गेल्या. २०१२ साली व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावाचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं, तेव्हा ती भैरवीही त्याच्याबरोबर होती.

या गोष्टीतला एक बारकावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्यांनी ती तबकडी पाठवली त्यांनी तिच्यासोबत सुई पाठवली, आणि ती कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या. नुसती तबकडी कोणाच्या हाती लागली तर ती फक्त सोन्याचा मुलामा दिलेली चकती आहे. सूर पाठवायचा तर सुई पाठवावी लागते. आम्ही पृथ्वीवर हे विसरलो.

मर्यादेशी झटण्याची कहाणी पेटीचीही आहे. युरोपातून आलेलं यंत्र, पाश्चात्य सुरांत बांधलेलं, श्रुतींना जागा नसलेलं, मींड न येणारं. १९४० साली आकाशवाणीनं तिला दार बंद केलं आणि १९७१ पर्यंत ती बंदी सैल झाली नाही. तेवढी वर्षं नभोवाणीबाहेर, नाटकांच्या तंबूंत, कीर्तनाला, घरांच्या माजघरांत पेटी वाजतच राहिली. गोविंदराव टेंब्यांनी तिला गायला लावलं, पंडित तुळशीदास बोरकरांनी तिच्या पट्ट्यांना गळ्याची आस दिली. मींड निघत नसलेल्या वाद्यातून मींड निघाल्याचा भास निर्माण करायचा, हे वादकाच्या बोटांचं आणि भात्याच्या दाबाचं कसब. चिपच्या संगीतकारांनीही हेच केलं. तीन-चार आवाजांत पूर्ण स्वरमेळ उभा राहत नाही, म्हणून ते त्यातले सूर एकामागोमाग एवढ्या वेगानं सोडत की कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटत. कमोडोर ६४ या संगणकाच्या चिपवर युरोपातल्या पोरांनी या युक्तीची अख्खी शैली केली. उणीव भरून काढता काढता त्यांना स्वतःचा सूर सापडला. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. त्यांचं आयुष्य त्या उणिवेशी झटण्यातच गेलं होतं.

आता त्या यंत्रांच्या मरणाविषयी.

सगळ्यात आधी मरायचा तो आमचा पराक्रम. त्या मूळ यंत्राची काम करायची आठवण २ किलोबाइटांची होती. किती जीव उरले, किती नाणी झाली, मारिओ कुठे उभा आहे, हे सगळं त्या २ किलोबाइटांत. लाईट गेली की ते क्षणात पुसलं जाई. मिरजेत लाईट जातच असे. टीव्हीच्या मधोमध एक ठिपका आकसत जायचा आणि दुपारभराची मजल त्याच्यात बुडून जायची. काकांच्या लेहऱ्याचंही तसंच होतं. भाता मिटला की त्या दिवसाचा तबला कुठेच नसे, ऐकणाऱ्यांच्या अंगात असेल तेवढाच. म्हणून उद्या पुन्हा बसायचं असे.

मग कॅसेटीत छोटा बॅटरीचा सेल घालून खेळ राखून ठेवायची सोय झाली. लिजंड ऑफ झेल्डाच्या कॅसेटीत तो होता, पुढे पोकेमॉनच्या कॅसेटींत होता. १९९९ सालच्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर दिवस-रात्रीचं घड्याळही त्याच सेलवर चालत असे, डबा बंद असतानाही. त्यामुळे तो लवकर संपत गेला. जगभरच्या ड्रॉवरांत पडलेल्या त्या कॅसेटींत लहान मुलांनी पाळलेली जित्राबं होती, त्यांना दिलेली नावं होती. सेल संपला तशी ती एकेक करून गेली. कोणाला कळलंही नाही, कारण तेव्हा ती मुलं मोठी होऊन दुसऱ्या गावी गेली होती.

मग काचेचा जड टीव्ही गेला. डक हंट नावाचा १९८४ सालचा खेळ कितीतरी घरांत प्लास्टिकच्या बंदुकीनं खेळला जाई. त्या बंदुकीतून काही सुटत नसे. ती उजेड बघत असे. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. तो बंदुकीच्या डोळ्याला दिसला की बदक पडायचं. हे सगळं जुन्या टीव्हीच्या चित्र रंगवण्याच्या वेगावर बेतलेलं होतं. नव्या सपाट टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, आणि त्या बंदुकीला तेवढा उशीर चालत नाही. बंदूक आहे, कॅसेट आहे, डबा आहे, तरी खेळ नाही. दोन वस्तूंच्या मधली जुळणी मरते, तेव्हा तिचा मृतदेहही सापडत नाही.

२०२३ हे वर्ष माझ्या मनात सुतकाचं वर्ष म्हणून राहिलं आहे. ११ जानेवारीला युकिहिरो ताकाहाशी गेले, २८ मार्चला र्युइची साकामोतो गेले. हारुओमी होसोनो यांच्यासह या दोघांचा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा. १९७८ सालच्या त्यांच्या पहिल्या तबकडीची सुरुवातच पार्लरमधल्या मशीनांच्या आवाजांनी होते. खेळांच्या त्या पिपाणीला संगीताच्या पंक्तीत पान वाढणारे ते पहिल्या काही माणसांपैकी. होसोनोंनी पुढे १९८४ साली नामको कंपनीच्या खेळांच्या चालींची स्वतंत्र तबकडीच काढली. साकामोतो गेले त्याच्या आदल्या दिवशी, २७ मार्चला, निन्टेन्डोनं आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली; जे खेळ फक्त तिथेच मिळत ते त्या दिवसापासून विकत मिळेनासे झाले. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं कोन्दोंची मारिओची चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, व्हिडिओ गेममधली पहिलीच. आणि जुलैत तिथल्याच व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं अभ्यास मांडला की अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात कुठेच मिळत नाहीत. एक चाल देव्हाऱ्यात गेली त्याच वर्षी हे कळलं, की तिची भावंडं कुठे आहेत याचा बाजाराला पत्ता नाही.

काका त्याच्या आधीच गेले होते. शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे लेहऱ्याला येणारी मुलं कमी होत गेली. मुलांच्या फोनमध्ये लेहरा आला होता. ताल निवडा, राग निवडा, लय निवडा, सारंगी हवी की पेटी तेही निवडा. तो कधी दमत नाही, चहासाठी थांबत नाही, लयीला केसभरही ढळत नाही. मुलांचा रियाज त्यानं वाढला, हे खरं आहे आणि त्याचा आनंद आहे. पण तो ऐकत नाही. मुलानं तिहाई चुकवली तर तो पुढे निघून जातो. काका मात्र समेवर किंचित वजन देऊन मुलाला परत आणायचे, त्याला कळूही न देता. तंत्रज्ञान पुढे गेलं म्हणजे प्रत्येक गोष्टीत पुढे गेलं असं धरून चालणं सोपं आहे. १९७८ सालच्या त्या चार सुरांना खेळणाऱ्याची चाहूल लागत होती. आज मुलाच्या मांडीशी असलेल्या त्या महागड्या यंत्रातल्या लेहऱ्याला ती लागत नाही. किती आवाज, किती स्मृती, किती वेग, ही मोजमापं झाली. समोरचा माणूस त्याला ऐकू येतो का, हे मोजमाप कोणी लावत नाही, आणि मला तेच एक लावावंसं वाटतं.

मग काय उरतं? मिरजेचा माणूस म्हणून मला एक उत्तर ठाऊक आहे. तिथले सतारी-तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम सरलं तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला, आणि त्या हातांनी पुढे पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तंबोरे उभे केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारी गेल्या. धार ओळखणारी बोटं मात्र राहिली, कारण त्यांना दुसरं काम मिळालं. काम मिळालं म्हणूनच राहिली.

जगभर काही माणसं जुन्या यंत्रांसाठी असंच काम करत आहेत. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं मेम नावाचा प्रकल्प सुरू केला. पार्लरमधली यंत्रं आजच्या संगणकात हुबेहूब वागावीत म्हणून त्यातले लोक चिपचा एकेक ठोका मोजून लिहून ठेवतात, तिच्या चुकांसकट. ही सुई घडवण्याची कामगिरी आहे. काचेचे टीव्ही दुरुस्त करून चालते ठेवणारी माणसं आहेत, कॅसेट उघडून संपलेला सेल बदलून देणारी आहेत. त्यांना मी मनापासून नमस्कार करतो. तरीही सुईनंतर एक गोष्ट उरते, आणि ती कुठल्याही संग्रहालयाला एकट्यानं जपता येणार नाही. केसरबाईंची भैरवी ऐकायला सुई पुरते, कारण त्या गाऊन मोकळ्या झाल्या आहेत. कोन्दोंची चाल नुसती ऐकून पुरी होत नाही. तिच्यात उडीसाठी रिकामी जागा ठेवलेली आहे. तिथे कोणाचा तरी अंगठा यायला हवा, चुकायला हवा, पुन्हा यायला हवा. देव्हाऱ्यात ठेवलेली ती चाल अर्धीच आहे.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर तो डबा अजून पडला असेल त्यांनी तो खाली काढावा, चालू होत असेल तर घरातल्या पोरांच्या हाती द्यावा, आणि त्यांना योको शिमोमुरा, मानामी मात्सुमाए, किनुयो यामाशिता ही नावं सांगावी. ज्यांची मुलं तबला शिकतात त्यांनी फोन असू द्यावा, पण आठवड्यातून एक संध्याकाळ लेहरा धरणारा जिवंत माणूस शोधावा. गावोगावी अशी माणसं अजून आहेत आणि त्यांची पेटी बंद पडून आहे. काकांची पेटी आता माझ्याकडे आहे. मला फार येत नाही, चंद्रकंसाची ती एक ओळ येते. शेजारचा मुलगा तबला घेऊन येतो आणि मी ती धरतो, त्याचा श्वास ऐकत, चुकला तर समेवर थोडं वजन देत. सूर गोळा करून ठेवल्यानं वाचत नाहीत. आवाज जपायचा तर त्याला काम द्यावं लागतं.